वसई धर्मप्रांत व संत गोन्सालो गार्सिया

रोमन कॅथलिक पंथाचा वसई धर्मप्रांत मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा काढून २२ मे १९९८ रोजी स्थापन करण्यात आला. पापडी येथील कृपामातेचे चर्च हे त्याचे कॅथेड्रल होय. थॉमस डाबरे हे पहिले बिशप. धर्मप्रांताचा आश्रयदाता संत म्हणून गोन्सालो गार्सिया (सु. १५५६–५ फेब्रुवारी १५९७) याचा स्वीकार करण्यात आला आहे. हा संत वसईतच जन्मला, तरुणपणी त्याने वसई सोडली आणि जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर त्याला मरण आले. भारतात जन्मलेल्यांपैकी कॅथलिक चर्चने संतपद दिलेला तो पहिला मनुष्य होय. असे असूनही त्याच्या जन्मगावी त्याची स्मृती दीर्घ काळ जवळजवळ लोपली होती. ती का लोपली आणि पुन्हा कशी जागी झाली, याचा वृत्तांत म्हणजे एका अर्थी वसईच्या ख्रिस्ती समाजाचाच इतिहास आहे.

गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये केलेल्या तहान्वये वसई व तिच्या परिसरातील मुलूख पोर्तुगीजांच्या हाती आला. पुढील दोन शतके वसई हे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे होते. दमणपासून चौलपर्यंतच्या ठाण्यांचा कारभार तेथून चाले. लष्करी सत्तेमागोमाग धर्मसंघ आले. फ्रान्सिस्कन संघाचा आंतोनियु दु पोर्तु याने सोळाव्या शतकाच्या मध्यास वसई, साष्टी व मंडपेश्वर या भागांत धर्मप्रसाराचे व चर्चबांधणीचे मोठे काम केले. संत फ्रान्सिस झेव्हिअर १५४८ मध्ये वसईत येऊन गेला आणि त्यानंतर लवकरच जेझुइटांनी तेथे आपले ठाणे उभारले. डॉमिनिकन व ऑगस्टिनियन संघ काहीसे उशिरा आले. किल्ल्याच्या तटाआत संत जोसेफचे मुख्य चर्च, फ्रान्सिस्कनांचे संत अँटनीचे चर्च, जेझुइटांचे ‘येशूच्या पवित्र नावाचे’ चर्च व त्याला जोडलेले महाविद्यालय अशा भव्य वास्तू एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. संत जोसेफच्या चर्चची दुरुस्ती गोव्याचा आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश याच्या कारकीर्दीत १६०१ मध्ये झाल्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे.

तटाबाहेरील चित्र वेगळे होते. सांडोर, पापडी, रमेदी, नंदाखाल, आगाशी इ. गावांत सोळाव्या शतकातच धर्मग्राम स्थापन झाले. एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील, स्वतःचे चर्च, शाळा व दफनभूमी असलेले वस्तीचे एकक म्हणजे धर्मग्राम. तेथील श्रद्धावान हे केळी, पान व भाजीपाला पिकविणारे बागायतदार, कोळी, भंडारी, कारागीर असे स्थानिक लोकच होते. सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, कोळी इ. समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली आणि अनेक हिंदूच राहिली. त्यामुळे आडनावे, बोली, शेतीची रीत व विवाहातील कित्येक चाली दोहोंकडे समान राहिल्या. धर्मांतराची कारणे सर्वत्र एकच नव्हती. उपदेश, औषधोपचार व शाळा यांचा वाटा त्यांत होता. तसाच तो राजसत्तेच्या दडपणाचाही होता. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने १५४६ मध्ये मूर्तिपूजेला व देवळांतील उत्सवांना बंदी घालण्याचे आदेश दिले होते. देवळे पाडली गेली, त्यांच्या जमिनी चर्चकडे गेल्या आणि १५६० नंतर गोव्यातील धर्मन्यायालयाचा धाकही या भागाला जाणवू लागला. वसईच्या किल्ल्याविषयी मराठी मनात जी तेढ पुढे साचली, तिचे मूळ मुख्यतः या धोरणात आहे. चर्चच्या वास्तूंचे सौंदर्य वर्णिताना या बाजूकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही.

अशा या वसईत गोन्सालोचा जन्म सु. १५५६–५७ मध्ये झाला. त्याचा पिता पोर्तुगीज व माता स्थानिक कोकणी स्त्री होती, अशी चरित्रकारांची सर्वसाधारण धारणा आहे. त्याचे मातापिता दोघेही स्थानिक होते, असे मानणारा पक्षही वसईत आहे. हा वाद केवळ वंशावळीचा नाही. तत्कालीन पोर्तुगीज समाजात युरोपात जन्मलेला, भारतात जन्मलेला पोर्तुगीज, मिश्रवंशीय आणि ‘देशी’ अशी कडक उतरंड होती आणि त्या उतरंडीने गोन्सालोच्या आयुष्याला वळण दिले. किल्ल्यातील जेझुइटांच्या शाळेत त्याचे शिक्षण झाले. सेबाश्तियांव गोन्साल्व्हिश हा जेझुइट धर्मगुरू त्याचा शिक्षक व आधार होता, असे परंपरा सांगते. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला. प्रयाणाच्या वेळचे त्याचे वय काही ग्रंथांत पंधरा, तर काहींत चोवीस दिलेले आढळते.

जपानमध्ये त्याने तेथील भाषा लवकर आत्मसात केली आणि सु. आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. बाजारात, मुलांत व घराघरांत मिसळणाऱ्या या मनमिळाऊ तरुणाचा धर्मगुरूंना मोठा उपयोग होई. मात्र जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा पूर्ण झाली नाही. त्या काळी आलेस्सांद्रो व्हालिन्यानो हा पूर्वेकडील जेझुइट कार्याचा निरीक्षक होता. जपानी लोकांविषयी त्याचे मत अत्यंत अनुकूल होते व जपानी तरुणांना संघात घेण्याचा तो पुरस्कर्ता होता. पण भारतीय व मिश्रवंशीय उमेदवारांविषयी त्याची भूमिका कठोर होती. पेरु लुईश हा कोल्लमचा ब्राह्मण ख्रिस्ती १५७५ मध्ये संघात घेतला गेला, तो अपवादच ठरला. भारतीयांना संघाचे दार त्यानंतर दीर्घ काळ बंद राहिले. गोन्सालोला नकार मिळाला, त्याची पार्श्वभूमी ही अशी होती.

निराश होऊन गोन्सालो व्यापाराकडे वळला. जपान व चीनचा किनारा आणि फिलिपीन्स यांच्या दरम्यान तेव्हा रेशीम व चांदी यांचा मोठा व्यवहार चाले. त्यात त्याचा चांगला जम बसला आणि ठिकठिकाणी त्याच्या पेढ्या निघाल्या. व्यापारानिमित्त मनिलाला जाणे-येणे असताना तेथील फ्रान्सिस्कन संन्याशांशी त्याचा परिचय झाला. अखेर सर्व व्यवहार आवरून १५८८ मध्ये त्याने त्यांच्या संघात प्रवेश केला. धर्मगुरुपदाची दीक्षा न घेता संघाच्या सेवेत राहणारा ‘बंधू’ असे त्याचे स्थान होते व ते अखेरपर्यंत तेच राहिले.

जपानचा सत्ताधीश टोयोटोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. पुढे त्याने फिलिपीन्सने आपले स्वामित्व मान्य करावे, अशी मागणी मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे केली. वेळ मारून नेण्यासाठी गव्हर्नरने १५९३ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता याच्या नेतृत्वाखाली एक वकिलात पाठविली. तिचा दुभाषी म्हणून जपानी भाषा व रीतिरिवाज जाणणाऱ्या गोन्सालोची निवड झाली. कोरियावरील स्वारीसाठी क्यूशू बेटावर नागोया येथे उभारलेल्या तळावर हिदेयोशीने या वकिलांची भेट घेतली. धमकीला नम्र पण ठाम उत्तर द्यायचे आणि मर्जीही राखायची, हे अवघड काम दुभाष्याच्या जिभेवर अवलंबून होते. ते साधले असावे, कारण फ्रान्सिस्कनांना जपानमध्ये राहण्याची मुभा मिळाली आणि क्योटोत (तत्कालीन मियाको) जागाही मिळाली. तेथे त्यांनी चर्च व महारोग्यांसाठी रुग्णालये उभारली.

जेझुइटांना हे आगमन रुचले नाही. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८५ मध्ये जपानमधील धर्मप्रसाराचा अधिकार केवळ त्यांच्याकडे सोपविला होता. फ्रान्सिस्कनांची उघड प्रवचने त्यांना अविचाराची वाटत, तर फ्रान्सिस्कनांना जेझुइटांची सावधगिरी भित्रेपणाची वाटे. या मतभेदामागे पोर्तुगीज मकाव व स्पॅनिश मनिला यांतील व्यापारी स्पर्धाही होती. दोन्ही संघांच्या इतिहासकारांनी पुढील घटनांचे वृत्तांत लिहिले, ते वाचताना हे लक्षात ठेवावे लागते. गोन्सालोचा सहकारी मार्सेलो दे रिबादेनेइरा याचा इतिहासग्रंथ १६०१ मध्ये बार्सेलोना येथे प्रसिद्ध झाला. जेझुइट लुईश फ्रॉइश याने नागासाकीच्या घटनेचा वृत्तांत त्याच वर्षी, म्हणजे १५९७ मध्ये, मृत्यूपूर्वी काही महिने लिहिला.

मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे मोठे स्पॅनिश जहाज ऑक्टोबर १५९६ मध्ये वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यावर लागले. त्यावरील मौल्यवान माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी जप्त केला. आमचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवितो व मागाहून सैन्य, अशी बढाई जहाजाच्या सुकाणूधराने मारली आणि त्यामुळे हिदेयोशीचा संशय बळावला, असे सांगितले जाते. ही हकीकत कितपत खरी यावर स्पॅनिश व पोर्तुगीज पक्षांचा पुढे दीर्घ काळ वाद झाला. जप्त केलेला माल परत करायचा नसल्याने कारण शोधले गेले, असाही अर्थ लावता येतो. डिसेंबर १५९६ मध्ये क्योटो व ओसाका येथील फ्रान्सिस्कन मठांवर पहारे बसले. चोवीस जणांना देहान्ताची शिक्षा फर्मावण्यात आली. जानेवारी १५९७ च्या आरंभी क्योटोत त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि गाड्यांतून धिंड काढण्यात आली. नंतर ऐन हिवाळ्यात, सु. महिनाभर, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. वाटेत त्यांच्या मदतीस आलेले दोन जपानी ख्रिस्तीही कैद्यांत घातले गेले आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि उरलेले सतरा फ्रान्सिस्कनांशी संबंधित जपानी गृहस्थ व मुले होती. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा होता. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सर्वांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. सर्वांत प्रथम गोन्सालोचा क्रूस उभा करण्यात आला, अशी फ्रान्सिस्कन परंपरा आहे. छातीत आरपार गेलेले दोन भाले हे त्याच्या मूर्तीचे व चित्राचे लक्षण झाले ते यावरूनच.

पोप आठवा अर्बन याने सप्टेंबर १६२७ मध्ये या हुतात्म्यांना ‘धन्यवादित’ घोषित केले व त्यांच्या उपासनेस अनुमती दिली. संतपदाच्या अलीकडील ही पायरी होय. वसईत ही वार्ता साहजिकच आनंदाने स्वीकारली गेली आणि गोन्सालोचा सण तेथे थाटाने साजरा होऊ लागला. येथे एका सामान्य गैरसमजाचा उल्लेख करणे इष्ट ठरेल. वसईच्या किल्ल्यात डॉमिनिकनांचे १५८३ मधील ‘सांव गोन्सालु’ या नावाचे चर्च आहे. ते वसईच्या गोन्सालोचे नव्हे. त्या वर्षी तो हयात होता व अद्याप संन्यासीही झाला नव्हता. ते चर्च आमारांत येथील तेराव्या शतकातील एका पोर्तुगीज डॉमिनिकन संन्याशाच्या नावाने बांधले गेले. गोन्सालो गार्सियाचे चर्च म्हणून आज दाखविली जाणारी किल्ल्यातील वास्तू मुळात जेझुइटांची होय. ज्या संघाने त्याला प्रवेश नाकारला, त्याच्याच चर्चला लोकांनी त्याचे नाव दिले आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने मोठ्या रक्तपातानंतर वसईचा किल्ला जिंकला. शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेस मुभा देणारे कलम होते. युरोपीय संन्यासी मात्र आपले मठ सोडून गेले. किल्ल्यातील चर्च ओस पडली. त्यांच्या घंटा मराठे सरदारांनी देवळांना अर्पण केल्या व भीमाशंकर, मेणवली, नाशिकचे नारोशंकर मंदिर अशा ठिकाणी त्या आजही पाहावयास मिळतात. गावोगावच्या धर्मग्रामांचा भार मुख्यतः गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंवर पडला. पेशव्यांच्या अमलात या समाजाचे अस्तित्व टिकले, पण त्याची साधने तुटपुंजी झाली. उपासना लॅटिनमध्ये आणि भक्ती मात्र घरच्या बोलीत, असा प्रकार होता. फ्रान्सिस्कु व्हाश द गिमारांइश या फ्रान्सिस्कनाचे ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील मराठी पद्यमय पुराण १६५९ मध्ये लिस्बन येथे रोमन लिपीत छापले गेले होते. उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांत त्यासारख्या ग्रंथांनी धर्मज्ञानाची परंपरा राखली. गोन्सालोच्या उपासनेचा आधार फ्रान्सिस्कन मठ हाच होता. मठ गेला, तशी ती उपासनाही मागे पडली.

नेमक्या याच सुमारास हजारो कोस दूर ब्राझीलमध्ये या वसईकराला नवे भक्त लाभले. पेर्नांबुकू प्रांतातील रेसीफी येथील मिश्रवंशीय लोकांना तेथील भाषेत ‘पार्दु’ म्हणत. युरोपीयांच्या धर्ममंडळांत त्यांना स्थान नसे व आफ्रिकी गुलामांच्या मंडळांत त्यांना जावयाचे नसे. त्यांनी गोन्सालो गार्सियाला ‘आपल्या वर्णाचा संत’ म्हणून स्वीकारले. त्यांनी १७४५ मध्ये, वसई पडल्यानंतर सहाच वर्षांनी, रेसीफीत त्याचा मोठा उत्सव केला. त्या प्रसंगी फ्रान्सिस्कन इतिहासकार आंतोनियु द सांता मारिया जाबुआतांव याने प्रवचन दिले व पुढे ते छापले. त्यात हा धन्यवादित पुरुष खरोखर सावळा होता का, त्याची माता कोणत्या देशाची, तिचा वर्ण कोणता, याची विस्तृत चर्चा आहे. काहींचा त्याला आक्षेपही होता, कारण सावळ्या वर्णाचा मनुष्य वेदीवर बसतो ही गोष्ट त्यांना पटत नव्हती. वसईच्या मातेचा वर्ण हा जेझुइट संघाच्या दारात ज्याचा दोष ठरला, त्याच कारणाने तो रेसीफीत पूज्य झाला. पेनेदु, सांव जुआंव देल-रे, रिओ दे जानेरो इ. शहरांत त्याच्या नावाची चर्च आजही उभी आहेत.

पोप नववा पायस याने ८ जून १८६२ रोजी रोम येथे या सव्वीस जणांना संतपद बहाल केले. जपान परदेशीयांना नुकताच खुला होत होता. नागासाकीतील ओउरा चर्च या हुतात्म्यांना अर्पण करण्यात आले आणि तेथेच मार्च १८६५ मध्ये, सु. अडीचशे वर्षे गुप्तपणे धर्म पाळलेले जपानी ख्रिस्ती प्रकट झाले. वसईतील उपासनेचे पुनरुज्जीवनही एकोणिसाव्या शतकातीलच होय. ते दमण धर्मप्रांतातील एका उत्साही धर्मगुरूच्या प्रयत्नाने झाले. १८८६ मध्ये स्थापन झालेल्या या धर्मप्रांताकडे वसई व साष्टीचा कारभार होता, तर मुंबईत पोपच्या थेट नियंत्रणाखालील स्वतंत्र बिशप होता. पोर्तुगालच्या राजाचा नेमणुकीचा अधिकार आणि रोमचा अधिकार यांतील या ‘दुहेरी सत्ते’मुळे गावोगावी कलह माजले. एकाच वस्तीत दोन चर्च व दोन पक्ष निर्माण झाले. १९२८ मध्ये दमण धर्मप्रांत मुंबईत विलीन झाल्यावर हा प्रश्न बहुतांशी मिटला. त्या आधी, १८८७ मध्ये, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी मुंबई व साष्टीच्या स्थानिक कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले होते. वसईत मात्र बोलीची व गावाची ओळखच अधिक बळकट राहिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लॅटिनऐवजी लोकभाषेत होऊ लागली. वसईच्या धर्मग्रामांत ती भाषा म्हणजे मराठी. या बदलाचा परिणाम संतपदाच्या कोणत्याही घोषणेपेक्षा खोल झाला. शाळा, भजने, नियतकालिके व साहित्य यांतून येथील ख्रिस्ती समाज मराठी सांस्कृतिक जीवनात उघडपणे वावरू लागला. दीर्घ काळ ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करणारे वसईचे धर्मगुरू फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) हे २०२० मध्ये उस्मानाबाद (सांप्रत धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. स्वतंत्र धर्मप्रांताची स्थापना याच वाटचालीतील पुढचा टप्पा होय. त्याचे क्षेत्र १९९८ मध्ये ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ते मुख्यतः त्या जिल्ह्यात मोडते.

गास येथील चर्च संत गोन्सालो गार्सियाच्या नावाचे असून वसईतील एका महाविद्यालयालाही त्याचे नाव देण्यात आले आहे. चर्चच्या सार्वत्रिक पंचांगात या हुतात्म्यांचा स्मृतिदिन ‘पॉल मिकी व सहकारी’ या शीर्षकाखाली ६ फेब्रुवारीस येतो, कारण ५ फेब्रुवारी हा संत अगाथाचा दिवस आहे. त्यामुळे गोन्सालोचे नाव तेथे ‘सहकारी’ या शब्दात सामावून जाते. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर संतपदाच्या शताब्दीनिमित्त १९६२ मध्ये स्मारक व संग्रहालय उभारण्यात आले. फुनाकोशी यासुताके या शिल्पकाराने घडविलेल्या सव्वीस कांस्यमूर्ती तेथे एका रांगेत आहेत आणि त्यांतील एक मूर्ती वसईच्या या दुभाष्याची आहे.